द्वारा साळूबाई, मसाला कांडप, कोल्हार

तुमच्या घरातल्या बाईनं पैसे कुठं ठेवलेत, ठाऊक आहे का तुम्हाला? मान हलवू नका. ठाऊक नाही. आणि ज्यांना वाटतं की आपल्याला पक्कं ठाऊक आहे, त्यांना तर मुळीच नाही. डाळीच्या डब्यात सापडलेली शंभराची नोट तुम्हाला सापडावी म्हणूनच ठेवलेली असते. खरी ठेव निराळीच असते, निराळ्याच जागी.

कोल्हारातल्या कितीतरी घरांची ती जागा म्हणजे साळूबाईचं कांडप.

नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड होतं. आत पिठाची जुनी गिरण, तिच्या शेजारी मिरची-हळद कुटायचं कांडप. होळी झाली की तिथं बायकांची रांग लागायची. नाकावर पदर, मांडीवर डबा, आणि आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळू नये म्हणून मशीनवर बारीक नजर. मिरची भाजून, निवडून आणली तरी नंबर यायला दुपार व्हायची. तोवर बोलण्याशिवाय करणार काय? गिरणीचा घरघराट एवढा की एकीचं बोलणं दुसरीच्या कानाला तोंड लावल्याशिवाय पोचायचं नाही. पुरुष तर तिथं फिरकायचेच नाहीत. आल्या आल्या ठसका लागायचा, डोळे गळायचे, दोन मिनिटांत पळायचे. गावात बायकांना उघडपणे बसून कानगोष्टी करायला तेवढी एकच जागा होती, आणि तिची राखण मिरची करत होती.

साळूबाई माहेरची राजूरकडची. डोंगरातली पोर लग्न करून सपाटीला आली तेव्हा सासू म्हणायची, हिचा आवाज या डोंगरावरून त्या डोंगरावर जायचा आहे, घरात मावत नाही. तो आवाज पुढं कांडपावर कामी आला. रामहरी, तिचा नवरा, गिरण चालवायचा आणि गप्प असायचा. कांडप तिनं घातलं. पन्नाशी उलटली तरी मसाल्याचं पोतं एकटी उचलायची. हाताला मिरची अशी मुरलेली की कुणाचं तान्हं लेकरू घ्यायचं झालं तर कोपरावर घ्यायची, बोटं लावायची नाही. मसाला उतरला की चिमूटभर नाकाशी धरायची आणि बाईच्या तोंडावर सांगायची, "धने जुने घातलेस. घरात कुनी खात न्हाई का चांगलं?"

तिथंच भिशी सुरू झाली. बारा बायका, दर महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिला सगळी उचल. पहिली उचल चालवणारीची, हा सगळीकडचा रिवाज. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या वाटीत. चिठ्ठी आपल्यातल्या कुणी काढायची नाही, भांडण नको. म्हणून साळूबाई रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारायची. एकदा तर तिनं थांब्यावर उभ्या एसटीतून कंडक्टरला खाली बोलावलं. "मास्तर, हात स्वच्छ हाय का? मग काढा एक चिठ्ठी." सबंध एसटी खिडकीतून बघत होती. चिठ्ठी निघाली सबिहाची. सबिहा बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव फिरणारी. तिनं त्या कंडक्टरच्या बायकोसाठी हिरव्या बांगड्या फुकट दिल्या.

झुंबरबाईची गोष्ट वेगळी. ती चिठ्ठीत नाव घालूच द्यायची नाही. "मला शेवटी दे गं."

"अगं, सगळ्यांना आधी पाहिजे असतं."

"मला ठेवायला जागा न्हाई. तुझ्याकडं असले की असले."

झुंबरबाई ही साळूबाईची जिवाची मैत्रीण. तिचा नवरा भिमाजी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर हंगामी कामाला होता. गावात त्याचं कौतुक होतं. दारू नाही, तंबाखू नाही, पगार झाला की पाकीट बायकोच्या हातात. "असा नवरा मिळायला भाग्य लागतं," बायका म्हणायच्या. झुंबरबाई हसायची. पाकीट हातात दिल्यावर तो रोज संध्याकाळी पायरीवर बसून हिशेब घेतो, मिठाच्या पुड्यापासून काडेपेटीपर्यंत, आणि एक रुपया चुकला तर जेवत नाही, हे तिनं फक्त साळूबाईला सांगितलं होतं. मारत नव्हता. हात कधी उगारला नाही. ताट सरकवायचा आणि बसून राहायचा, बस्स. न जेवलेला माणूस समोर बसवून स्वतः जेवून बघा एकदा, मग कळेल त्यातला मार.

तर त्या हिशेबातून झुंबरबाई पैसे काढायची. कांडपाचा किलोमागचा दर साळूबाईनं तिच्यासाठी निराळा ठरवला होता, म्हणजे खरा तोच, फक्त भिमाजीला सांगायचा निराळा. एकदा तो खात्री करायला स्वतः आला. साळूबाईनं शिंका देत देत त्याला वाढीव दर सांगितला आणि वर म्हणाली, "लाईटबिल बघितलंत का भाऊ? परवडत न्हाई, पुढच्या साली अजून वाढवनार हाय." भिमाजी डोळे पुसत निघून गेला. दोघी पोत्यावर बसून एवढ्या हसल्या की मिरची नाकात गेली.

हे पैसे कशासाठी होते? अश्विनीसाठी. झुंबरबाईची पोर, बारावी झालेली, नर्सिंगला जायचं म्हणत होती. भिमाजी म्हणत होता, पोरीला सुया टोचायला पाठवायची का? स्थळ बघू. झुंबरबाई त्याच्यापुढं एक शब्द बोलली नाही. फी भरायच्या दिवशी पैसे पोरीच्या हातात ठेवायचे आणि तिला नगरच्या गाडीत बसवायचं, एवढं तिनं ठरवलं होतं. पुढचं पुढं.

मग रामहरीच्या किडन्या गेल्या.

आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिस. नवं मोठं मशीन घेतलं होतं त्याचं बँकेचं कर्ज डोक्यावर होतंच. शेड गहाण ठेवून फायनान्सचं घेतलं. मग बायकांच्या गटाला कर्ज देणारी कंपनी आली, तिचं घेतलं. मुलगा हर्षल चाकणला कंत्राटी कामावर, त्याचा पगार त्याच्याच खोलीभाड्यात जायचा. शेवटच्या महिन्यात दवाखान्यानं पैसे भरल्याशिवाय पुढचं करणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा साळूबाईच्या पिशवीत भिशीचे पैसे होते. तिनं ते खिडकीतून आत सरकवले. रामहरी त्यानंतर आठवडाभर जगला.

भिशी तिथंच बंद पडली. ज्यांना उचल मिळाली होती त्यांनी पुढचे हप्ते भरायचे सोडले. चौघींची राहिली: झुंबरबाई, सबिहा (मागची भिशी तिला लवकर मिळाली होती, ही नाही), आणि माळवाडीच्या दोघी जावा. साळूबाई कुणाला दोष देत नव्हती. "भिशी माझी, तोंड माझं," म्हणायची.

रामहरीचं दहावं झालं नाही तोच वसुलीवाले यायला लागले. मोटारसायकल शेडच्या तोंडाशी आडवी लावायची आणि गिऱ्हाईक बाईला विचारायचं, "ही बाई पैसे बुडवती, माहिती आहे ना?" साळूबाईनं एकाच्या डोळ्यांपुढं मिरचीची मूठ धरली होती. टाकली नाही, नुसती धरली. तो गेला, पण दुसऱ्या दिवशी दोघं आले.

हर्षलनं चाकणहून फोन करून एका वकिलाचं नाव दिलं. नगरच्या कोर्टासमोर जिन्याखाली त्याचं टेबल होतं, आदिनाथ वकील. त्यानं सांगितलं की अशा माणसासाठी कायदा आहे. नादारी म्हणतात त्याला. कोर्टात जाऊन सांगायचं, माझ्यानं फिटत नाही. माझं आहे ते विका, सगळ्यांना ज्याच्या त्याच्या प्रमाणात वाटा, आणि मला मोकळं करा. मोठे लोक हे करतात तेव्हा पेपरात त्याला सुंदर इंग्रजी नाव येतं. कोल्हारात साळूबाईनं केलं तेव्हा लोक म्हणाले, बाई दिवाळखोर निघाली. जाऊ द्या.

"कुणाकुणाचं देणं आहे ते सगळं सांगा," आदिनाथ वकील म्हणाला. "हातउसनं, दुकानाची उधारी, काही ठेवू नका."

तिनं सांगितलं. बँक, फायनान्स, गटाची कंपनी, दवाखाना, औषधाचं दुकान, नगरचे मिरचीवाले शेठ.

"अजून?"

"न्हाई."

खोटं बोलली का? तिला विचाराल तर ती नाही म्हणेल, आणि ते खरं आहे. तिच्या लेखी देणं म्हणजे जे बाहेरून येतं, पिशवी लटकवून, मोटारसायकलवरून. भिशी घरातली. घरातल्या बायकांना कोर्टाच्या कागदावर बँकेच्या खाली लिहायचं म्हणजे त्यांचा अपमानच की. त्यांचं आपण पुढं हातानं देऊ, पापड लाटू, कुरडया करू. शपथेच्या कागदावर तिनं अंगठा नाही, सही केली. सहीचा तिला अभिमान होता.

कोर्टानं अर्ज मान्य केला. विक्री-वाटपासाठी रिसीव्हर नेमला. तो माणूस येऊन शेड मोजून गेला, मशीनचे फोटो काढून गेला. हातचं उखळ-मुसळ आणि घरगुती छोटी चक्की पोटाचं साधन म्हणून सोडली. ही बातमी गावभर झाली तशी सबिहा टोपली डोक्यावर घेऊन दारात उभी राहिली.

"साळूताई, शेड विकनार म्हनं."

"व्हय."

"पैसे वाटनार म्हनं सगळ्यांना."

"ज्यांचं देनं हाय त्यांना."

"मग मी कोन?"

साळूबाईनं तिला बसायला पोतं झटकून दिलं. सबिहा बसली नाही.

"तुझं मी देईन गं सबिहा. हे कोर्टाचं निपटू दे. तुला माझा भरोसा न्हाई का?"

"लई हाय. पन त्या मिरचीवाल्या शेठला वाटा आनि मला भरोसा? उलटं कर. त्याला भरोसा दे, मला वाटा दे."

डोंगरावरून डोंगरावर जाणारा आवाज घशातच राहिला. सबिहानं जाताना टोपली सावरत एवढंच सांगितलं, "माझ्या घरवाल्याला, नूरमहंमदला समदं ठाव हाय, माझी काळजी करू नको. उपकार नको करू. नाव लिही."

दुसऱ्या दिवशी साळूबाई पहिल्या एसटीनं नगरला गेली. आदिनाथ वकिलानं ऐकलं आणि पेन टेबलावर आपटलं.

"बाई, शपथेवर लिहून दिलंत तुम्ही की एवढंच देणं आहे!"

"भिशी व्हती वो ती."

"भिशी म्हणजे काय प्रसाद आहे का? पैसे घेतलेत, द्यायचेत, झालं देणं." मग तो जरा निवळला. त्यानं चहा सांगितला. "सुटकेचा हुकूम व्हायचाय अजून. तोवर नावं घालता येतात. दुरुस्तीचा अर्ज देऊ. आधी का राहिलं ते खरं लिहू."

"आन मागनं मी हातानं दिलं त्यास्नी, गुपचूप, तर?"

"मुळीच नाही. आता तुमच्या हातात जे येईल ते यादीतल्या सगळ्यांचं. एकीला गुपचूप दिलंत की बँकवाला म्हणेल लपवाछपवी केली, आणि तुमची सुटका अडकेल. यादीत नाव असेल तिला वाटा. नसेल तिला नाही. नावं द्या, पत्ते द्या. कोर्टाची नोटीस जाईल प्रत्येकीला."

"घरी?"

"मग काय शेतात जाईल?"

साळूबाई चहा न पिता उठली.

चौघींना तिनं शेडात बोलावलं. मशीन बंद, रिसीव्हरचं कुलूप मशीनच्या खोलीला, पण पुढचा ओटा मोकळा होता. पहिल्यांदाच गिरणीच्या आवाजाशिवाय बोलायचं होतं, त्यामुळं सगळ्या कुजबुजत होत्या. साळूबाईनं सरळ सांगितलं. लिहिलं तर घरी नोटीस. न लिहिलं तर वाटा नाही.

"लिही," सबिहा म्हणाली. "मी तर आधीच सांगितलंय."

मोठी जाऊ म्हणाली, "आमच्या ह्यांना कळलं तर म्हनतील, एवढे व्हते तर विहिरीची मोटार दुरुस्त का न्हाई केली?"

"म्हनू दे. तू म्हन, तुमी मागितले कुठं?" धाकटी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

झुंबरबाई हसली नाही. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझं नको लिहू."

"अगं, तुझंच तर सगळ्यात जास्त..."

"नको म्हनलं ना. माझे गेले म्हनायचं."

साळूबाई तिच्याजवळ सरकली. "अश्विनीचं काय?"

झुंबरबाईनं टोक सोडलं, परत गुंडाळलं. फॉर्म भरायचे दिवस जवळ आले होते. पोरीनं फोटो काढून ठेवले होते. सगळ्यांना ते माहीत होतं.

मग धाकट्या जावेला सुचलं. "पत्ता इथलाच द्या की! भिशी इथं व्हायची, पाकीट इथंच येऊ दे. साळूताई घेईल आन आपल्याला देईल. घरी कळायचा संबंधच न्हाई."

शेडात एकदम हलकं झालं. सबिहा म्हणाली, "तुझं डोकं वकिलाला दे." झुंबरबाईनं मशीनच्या कुलपाकडं बघितलं. मग म्हणाली, "घाल मग नाव."

आदिनाथ वकिलानं नवी यादी वाचली आणि भुवया उंचावल्या. "चौघींचा पत्ता एकच?"

"तिथंच बसत्यात त्या."

"राहतात कुठं?"

"राहत्यात घरी. बसत्यात तिथं."

त्यानं तिच्याकडं बघितलं. समजला असावा, कारण पुढं विचारलं नाही. चौघींच्या नावाखाली त्यानं लिहिलं: द्वारा साळूबाई, मसाला कांडप, नगर-मनमाड रोड, कोल्हार.

कोर्टाचा विचार झाला, वकिलाचा झाला, नवऱ्यांचा तर झालाच झाला. राधाकृष्णाचा कुणी केला नाही.

राधाकृष्ण म्हणजे पोस्टमन. गावातला सगळ्यात भला माणूस. ज्याच्या पाकिटावर नुसतं 'आबा, कोल्हार' लिहिलंय त्यालाही शोधून काढणारा. म्हाताऱ्यांची पेन्शन घरी नेऊन देणारा. त्याला कोल्हारात पत्ता लागतच नव्हता, माणूस लागत होता. आणि बाईचं टपाल घरातल्या पुरुषाच्या हातात द्यायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं; त्याच्या बापानंही टपाल तसंच वाटलं होतं.

नोटिसा आल्या त्या दिवशी साळूबाई तारखेला नगरला होती. राधाकृष्ण शेडावर आला. कुलूप. पाकिटांवरची नावं वाचली. या बाया इथं कुठं राहतात? कुणीतरी चुकीचा पत्ता घातलेला दिसतो. कोर्टाचं टपाल, परत गेलं तर बिचाऱ्यांचं नुकसान व्हायचं. तो भर उन्हात मोपेड घेऊन चौघींच्या घरी निघाला. एकेकीचं पाकीट त्यानं घरपोच केलं. उपकार म्हणून केलं. आजही त्याला वाटतं, आपण चांगलंच केलं.

झुंबरबाई कांदा काढायला गेली होती. भिमाजी पायरीवर होता.

"वहिनींच्या नावानं कोर्टाचं आलंय," राधाकृष्ण म्हणाला. "सही करा इथं."

"कोर्टाचं? बायकोच्या नावानं?"

"मलाबी नवल वाटलं."

भिमाजीनं सही केली आणि पाकीट फोडलं.

साळूबाई दिवस कलता कलता एसटीतून उतरली ती आनंदात होती. पुढच्या तारखेला यादी पक्की होईल, असं वकिलानं सांगितलं होतं. हे आधी झुंबरला सांगू, म्हणून ती घरी न जाता तिकडं वळली. गल्लीच्या तोंडाशी तिला पांढरं दिसलं. आधी वाटलं कुणी रांगोळी काढलीय.

अंगणात पीठ होतं. ज्वारीचं, गव्हाचं, एकमेकांत. त्यावर तांदूळ, त्यावर डाळ, शेंगदाणे, साखर. शेजारच्या कोंबड्या त्यातून फिरत होत्या. स्वयंपाकघरातले सगळे डबे पालथे करून ओळीनं लावलेले, झाकणं बाजूला. भिमाजी शेवटचा डबा हातात घेऊन उभा होता. मसाल्याचा. मागच्या सालच्या मिरचीचा, साळूबाईनंच कुटून दिलेला. त्यानं तो हळूच, आवाज न करता, पिठावर ओतला आणि बोटानं चाळून बघितलं.

भिंतीशी अर्धी गल्ली उभी होती. झुंबरबाई उंबऱ्यावर बसलेली, कांद्याच्या पातीचा वास अजून हाताला. अश्विनी आत, दाराआड.

"ये साळूबाई," भिमाजी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "बरं झालं आलीस. सांग, अजून कुठं कुठं ठेवलंत दोघींनी?"

"भाऊ, पैसे माझ्याकडं बुडाले. तिचा काय गुन्हा?"

"माझ्या घरात तिनं माझ्यापासून चोरून ठेवले. आन ते कोर्टाकडून मला कळतंय. कारखान्यावर उद्या लोक इचारतील, काय सांगू? सांग की."

"चोरून न्हाई. पोरीसाठी..."

"साळू," झुंबरबाई उंबऱ्यावरून म्हणाली. एवढ्या वर्षांत तिनं कधी नुसतं साळू म्हटलं नव्हतं. "तू बोलू नको. तुझं बोलून झालंय."

साळूबाई वाकून पीठ गोळा करायला लागली. दोन मुठी भरल्या, मग तिच्या लक्षात आलं की मसाला सगळ्यात मिसळलाय. यातलं आता काहीच वेगळं होणार नव्हतं. गल्लीतून एकही बाई पुढं झाली नाही. ज्यांना उचल मिळाली होती त्याही तिथंच उभ्या होत्या, नवऱ्यांच्या मागं, डोळे खाली घालून. प्रत्येकीच्या घरात कुठला तरी डबा होता.

साळूबाई दुसऱ्या दिवशी वकिलाकडं गेली. झुंबरचं नाव काढता येईल का, म्हणाली.

"काढता येईल," आदिनाथ वकील म्हणाला. "त्यानं काय होईल?"

तिला सांगता येईना. नाव राहिलं.

शेड विकलं गेलं, मशीन बँकेनं नेलं. वाटप झालं. रुपयाला चार-पाच आण्यांच्या हिशेबानं प्रत्येकाला मिळालं. सबिहानं तिचा वाटा आणला, त्यातून नवी टोपली घेतली आणि साळूबाईला दाखवायला आली. माळवाडीच्या दोघी जावांच्या घरी चार दिवस धुसफूस झाली आणि मोटार दुरुस्त झाली. झुंबरबाईच्या वाट्याच्या वेळी भिमाजी तिला घेऊन नगरला गेला. सही तिची, पाकीट त्याचं. तो कोर्टाच्या पायऱ्या उतरताना अगदी शांत दिसत होता. साळूबाईला नमस्कारही केला. मग काही दिवसांनी कळलं की अश्विनीचं काष्टीकडं जमलंय. मुलगा बरा आहे म्हणे, दुधाचा धंदा आहे. वाट्याचे पैसे मंडपाला गेले.

साळूबाईची सुटका झाली. हुकमाचा कागद वकिलानं हातात दिला तेव्हा म्हणाला, "बाई, आता तुमच्या दारात कुणी उभं राहू शकत नाही." खरं होतं ते. तिच्या दारात आता कुणीच उभं राहत नव्हतं. झुंबरबाई रस्त्यात दिसली की पदर सारखा करून पलीकडच्या बाजूनं जायची. मिरची तिनं यंदा राहुरीला नेऊन कुटली.

लग्नाच्या आधी आठवडाभर, सकाळी, अश्विनी आली. हातात हळकुंडाची पिशवी. साळूबाई घराच्या ओट्यावर कुणाचे तरी पोहे निवडत होती.

"आई म्हनली, साळूमावशीकडंच दे."

"ती न्हाई आली?"

"न्हाई."

साळूबाईनं पिशवी घेतली नाही. "अगं, लग्नाची हळद हाय. मी अशी. सवाष्णीला दे कुना."

"आईला ठाव न्हाई का ते? तरी दिली तिनं." पोरीनं पिशवी उखळापाशी ठेवली आणि स्वतःच एक मुसळ उचललं. नर्सिंगच्या फॉर्मसाठी काढलेले फोटो आता लग्नाच्या नोंदणीच्या कागदाला चिकटवले होते, असं तिनं कुटता कुटता सांगितलं. हसत सांगितलं. मग विचारलं, "मावशी, आईचं नाव घालायच्या आधी तू मला का न्हाई इचारलं? मी म्हनले असते, पोस्टातल्या राधाकाकाला सांगून ठेव."

साळूबाईचं मुसळ वरच राहिलं. पाच बायका, एक वकील, एक कोर्ट. पोरीला कुणी विचारलं नव्हतं.

तिनं मुसळ खाली आणलं. दोघी आळीपाळीनं कुटत राहिल्या. हळद डोळ्यांत जात नाही, ठसका लागत नाही, त्यामुळं तिथं कुणालाच डोळे पुसायला कसलं निमित्त नव्हतं. कुटून झाल्यावर अश्विनीनं पैसे किती म्हणून विचारलं. साळूबाईनं दर सांगितला. खरा दर. पोरीनं तेवढेच मोजून दिले, आणि साळूबाईनं ते घेतले, कारण घेतले नसते तर संध्याकाळी पायरीवर हिशेब जुळला नसता.

एवढं वाचलंत, तर आता एक करा. उद्या तुमच्या दारात टपालवाला उभा राहिला आणि पाकिटावर तुमच्या घरातल्या बाईचं नाव असलं, तर सहीला तिलाच हाक मारा. ती रानात असेल, तर त्याला उद्या परत यायला सांगा. तुम्ही ते फोडू नका.